पॅकेट हरवतं कुठे?

रामदासपेठेत सकाळी अकराच्या सुमारास जाण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल, त्यांना गर्दी म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. रामदासपेठ आणि तिला लागून असलेली धंतोली मिळून नागपूरचा दवाखान्यांचा मोहल्लाच झाला आहे. गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली इथून, शिवाय सीमेपलीकडच्या छिंदवाडा-बालाघाटहून माणसं येतात. ऑटो, अ‍ॅम्ब्युलन्स, हातात एक्स-रेची मोठी पाकिटं धरलेले नातेवाईक आणि औषधांच्या दुकानांपुढची रांग. ही गर्दी डोळ्यांना दिसते. पण याच वेळी, याच इमारतींच्या भिंतींतून, छताच्या वरून गेलेल्या निळ्या-करड्या तारांतून दुसरी एक गर्दी धावत असते. ती कोणालाच दिसत नाही, आणि ती अडली तर नेमकी कुठे अडली हे सांगणंही सोपं नसतं. या लेखाचा विषय ती दुसरी गर्दी आहे.

एक कल्पित रुग्णालय घेऊ. नाव नको. पाच मजले, दोन सीटी स्कॅन यंत्रं, एक एमआरआय, आणि तळमजल्यावरच्या थंड खोलीत एक सर्व्हर, ज्यात सगळ्या तपासण्यांच्या प्रतिमा साठतात. सीटी स्कॅनची एक प्रतिमा म्हणजे ५१२ उभे आणि ५१२ आडवे ठिपके, दर ठिपक्याला दोन बाइट. एकूण ५,२४,२८८ बाइट, म्हणजे अर्धा मेगाबाइट. एका तपासणीत अशा सहाशे प्रतिमा असल्या तर झाले तीनशे मेगाबाइट. हा ऐवज तारेतून एकसंध जात नाही. त्याचे साधारण १,४६० बाइटांचे तुकडे होतात. या तुकड्याला 'पॅकेट' म्हणतात. एका प्रतिमेची तीनशे साठ पॅकेटं, आणि एका रुग्णाच्या एका तपासणीची दोन लाखांहून जास्त. प्रत्येक पॅकेटावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि अनुक्रमांक. वाटेत ती पुढेमागे झाली तरी पोचल्यावर क्रमाने लावली जातात.

आता तक्रार अशी : सकाळी अकरा ते एकच्या दरम्यान तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांच्या पडद्यावर प्रतिमा अडखळत येतात. चार येतात, थांबतात, पुन्हा दोन येतात. दुपारी तीननंतर सगळं सुरळीत. इंटरनेट पुरवणारा म्हणतो, आमची लाइन ठीक आहे. सर्व्हर विकणारा म्हणतो, प्रोसेसर वीस टक्केसुद्धा वापरात नाही. तारा टाकणारा म्हणतो, सगळ्या जोडण्या तपासल्या. तिघंही खरं बोलत असतात, हीच या विषयातली गंमत आहे. तरीही पॅकेटं हरवत असतात.

ती कुठे हरवतात याचा शोध घेण्यापूर्वी ती हरवूच का दिली जातात, हे पाहावं लागेल. कारण इंटरनेटच्या रचनेत पॅकेट टाकून देणं हा अपघात नाही, ती परवानगी आहे. नागपूरकरांना हे समजावून सांगायला एक घरचं उदाहरण उपलब्ध आहे. १९४९ साली रात्रीच्या विमान-टपालाची योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री डाकोटा विमानं निघत आणि मध्यरात्रीनंतर सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत. तिथे टपालाच्या थैल्यांची आणि प्रवाशांचीही अदलाबदल होई, आणि पहाटेपर्यंत विमानं परत फिरत. मुंबईत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी कोलकात्यात पोचे, ते नागपूरच्या या अर्ध्या रात्रीच्या खटाटोपामुळे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत हे चाललं. माल घ्यायचा, थोडा वेळ ठेवायचा, पत्ता बघून पुढच्या वाहनात चढवायचा. आजचं प्रत्येक स्विच आणि राउटर नेमकं हेच करतं. पत्त्याचंही तसंच. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आलेला पिनकोड ही श्रीराम भिकाजी वेलणकर यांची कल्पना. संस्कृतात नाटकं-काव्यं लिहिणारा हा टपाल खात्यातला मराठी अधिकारी. पहिले तीन आकडे ४४० दिसले की पत्र नागपूरच्या थैलीत टाकायचं, पुढचे आकडे नागपुरात गेल्यावर बघायचे. इंटरनेटचे पत्तेही असेच डावीकडून वाचत, आधी मोठा प्रदेश आणि मग घर अशा रीतीने सोडवले जातात.

पण टपालात आणि इंटरनेटमध्ये एक मूलभूत फरक आहे. टपाल खातं पत्र फेकून देत नाही. विमान भरलं तर थैली उद्या जाईल, परवा जाईल, पण जाईल. इंटरनेट थांबत नाही. राउटरच्या किंवा सर्व्हरच्या स्मृतीत प्रतीक्षेसाठी ठराविक जागा असते, तिला 'बफर' म्हणतात. ती भरली की नंतर आलेलं पॅकेट सरळ टाकून दिलं जातं. त्याची पोच नाही, दिलगिरी नाही, पाठवणाऱ्याला पत्र नाही. १९८१ साली पक्के झालेले इंटरनेटचे मूळ नियम जाळ्याकडून फक्त 'शक्य तेवढा प्रयत्न' मागतात. पोचलं की नाही हे पाहण्याची जबाबदारी दोन टोकांच्या संगणकांची, मधल्या वाटेची नाही. हे काम 'टीसीपी' नावाची व्यवस्था करते : पोच मिळाली नाही तर पॅकेट पुन्हा पाठवायचं.

या 'पुन्हा पाठवायचं'मध्ये एक सापळा होता आणि तो ऑक्टोबर १९८६ मध्ये उघडा पडला. कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचं विद्यापीठ यांच्यामधलं अंतर चारशे यार्ड. त्यांच्यामधल्या जोडणीचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून ४० बिटांवर आला. आठशेपट घट, आणि तार तुटलेली नाही, यंत्र बंद पडलेलं नाही! व्हॅन जेकबसन यांनी मायकेल कॅरल्सबरोबर याचा माग काढला. गर्दीत पॅकेट हरवे, पाठवणारा अधीर होऊन तेच पुन्हा पाठवी, सगळेच पुन्हा पाठवत, गर्दी आणखी वाढे. जाळं अहोरात्र राबत होतं, पण जवळजवळ सगळी मेहनत जुनंच माल पुन्हापुन्हा वाहण्यात जात होती. १९८८ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा उपाय थोडक्यात असा : पॅकेट हरवलं तर समजायचं की पुढे गर्दी आहे, वेग निम्मा करायचा, मग हळूहळू वाढवत न्यायचा. म्हणजे हरवलेलं पॅकेट हाच निरोप. जाळं तोंडाने काही बोलत नाही, टाकून देऊन बोलतं.

हा उपाय इतका चालला की इंटरनेट आज उभं आहे ते बऱ्याच अंशी त्याच्यावर. मात्र त्याची एक किंमत आहे, आणि तीच आपल्या तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरांना मोजावी लागते. पॅकेट हरवण्याचं कारण गर्दी नसून काही वेगळंच असलं, तरी टीसीपी वेग कमी करतं. किती कमी, याचं एक सूत्र १९९७ साली मॅथिस आणि सहकाऱ्यांनी दिलं. ते असं सांगतं की मिळणारा वेग हा जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळाच्या व्यस्त प्रमाणात आणि हरवण्याच्या प्रमाणाच्या वर्गमुळाच्याही व्यस्त प्रमाणात असतो. आकडे घालून पाहू. नागपूर ते मुंबई जाऊन-येऊन वीस मिलिसेकंद धरू. शंभरात एक पॅकेट हरवत असेल, तर लाइन कितीही मोठी असो, एका जोडणीला मिळतात सेकंदाला सुमारे सात मेगाबिट. आपली तीनशे मेगाबाइटांची तपासणी पोचायला सहा मिनिटं. हीच तपासणी दुसरं मत घेण्यासाठी अमेरिकेला पाठवायची असेल, जाऊन-येऊन दोनशे मिलिसेकंद, तर तासभर. आणि शंभरात एकाऐवजी दहा हजारांत एक हरवत असेल, तर मुंबईसाठी सत्तर मेगाबिटांपर्यंत मजल जाते. (सूत्र जुन्या पद्धतीच्या टीसीपीचं आहे; नंतरच्या 'क्युबिक' आणि 'बीबीआर' या पद्धती लांबच्या वाटेवर बरंच बरं करतात.) 'एक टक्काच तर हरवतंय' असं कोणी म्हणालं, तर त्याला हा हिशेब दाखवावा. आणि 'लाइन वाढवून घ्या' हा सल्ला इतक्या सहज का दिला जातो, आणि इतक्यांदा फुकट का जातो, हेही त्यातूनच कळतं.

आता शोधाकडे वळू. पहिला प्रश्न : पॅकेट खरंच हरवतंय का? बहुतेक जण 'पिंग' करतात, म्हणजे एक छोटं पॅकेट पाठवून प्रतिसादाची वाट बघतात. जरा जाणकार असतील ते 'एमटीआर' चालवतात. त्यात वाटेतल्या प्रत्येक राउटरपुढे किती टक्के हरवले ते दिसतं. इथे मोठी फसगत होते. मधल्या एखाद्या राउटरपुढे चाळीस टक्के हरवल्याचं दिसतं आणि लगेच त्याच्या मालकाला फोन जातो. पण राउटरचं काम पॅकेट पुढे ढकलणं. स्वतःच्या नावाने आलेल्या चौकश्यांना उत्तर देणं हे त्याच्या लेखी बिनमहत्त्वाचं, म्हणून तो ठराविक संख्येनंतर उत्तरंच देत नाही. त्याच्या पुढच्या टप्प्यांवर आणि शेवटच्या मुक्कामावर काही हरवत नसेल, तर ते चाळीस टक्के निरर्थक आहेत. पोस्टमनला रस्त्यात अडवून 'कसं काय' विचारलं आणि तो न बोलता पुढे गेला, म्हणून पत्र हरवलं असं होत नाही.

दुसरा प्रश्न : हरवण्याला वेळापत्रक आहे का? माझ्या मते सगळ्या तपासात हा प्रश्न सर्वांत मोलाचा आहे आणि तो विचारायला कोणतंही यंत्र लागत नाही. तार चेपली असेल, जोडणीत गंज असेल, तर पॅकेटातले बिट वाटेत बिघडतात. घेणारं कार्ड प्रत्येक पॅकेटाच्या शेवटी असलेली पडताळणीची बेरीज तपासतं, जुळली नाही तर टाकून देतं. हे नुकसान दिवसभर, साधारण सारख्याच प्रमाणात होतं. पहाटे तीनलाही हजारात दोन, सकाळी अकरालाही हजारात दोन. याउलट रांगेत होणारं नुकसान फक्त गर्दीच्या वेळी दिसतं. पहाटे शून्य, अकराला एकदम पाच टक्के. या दोहोंच्या मध्ये एक लबाड प्रकार बसतो. तारेच्या एका टोकाचं यंत्र 'मी एकाच वेळी बोलतो आणि ऐकतो' असं समजतं, दुसऱ्या टोकाचं 'एका वेळी एकच' असं समजतं. कामकाज कमी असताना निभतं, गर्दी झाली की दोघं एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात. जुनी यंत्रं जोडलेल्या इमारतींत हे अजूनही सापडतं.

आणखी एक खूण आकाराची. लॉगिन होतं, रुग्णाचं नाव दिसतं, पण प्रतिमा येतच नाही, पिंगही व्यवस्थित. अशा वेळी बहुधा लहान पॅकेटं जात असतात आणि मोठी अडत असतात. १,५०० बाइटांचं पॅकेट निघालं, मध्ये एखाद्या सुरक्षित बोगद्याने स्वतःचे काही बाइट वर चढवले, आता ते पुढच्या दारातून मावत नाही. नियमाप्रमाणे तिथल्या राउटरने 'लहान करून पाठवा' असा निरोप उलट द्यायचा असतो. पण कोणीतरी अतिदक्ष माणसाने फायरवॉलवर अशा निरोपांनाच बंदी घातलेली असते. मग पाठवणारा तेच मोठं पॅकेट जन्मभर पाठवत बसतो.

आपल्या रुग्णालयात वेळापत्रक आहे, अकरा ते एक. म्हणजे रांग. पण कोणती? सीटीच्या यंत्रापासून डॉक्टरांच्या पडद्यापर्यंत रांगा एक-दोन नाहीत, आठ-दहा आहेत, आणि त्यांतल्या अर्ध्या त्या एका सर्व्हरच्या पोटात आहेत.

पहिली स्विचमध्ये. सर्व्हरकडे जाणारी तार एक गिगाबिटची, आणि दोन यंत्रं प्रत्येकी एक गिगाबिटने त्याच वेळी पाठवू लागली, तर दर सेकंदाला १२५ मेगाबाइट जादा येतात. स्विचच्या त्या दाराशी अर्ध्या मेगाबाइटचा बफर असेल तर तो चार मिलिसेकंदांत भरतो. चार मिलिसेकंद! पापणी लवायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. आणि वापराचा आलेख काढणारं साधन दर पाच मिनिटांची सरासरी दाखवतं. त्या आलेखावर तीस टक्के वापर दिसतो, आणि दाखवणारा माणूस हात झटकतो. सरासरी खोटी नाही; तिला विचारलेला प्रश्न चुकीचा आहे. सरासरी तीन फूट खोल असलेल्या नदीत माणूस बुडू शकतो, तसंच हे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला लेलँड, टाकू, विलिंजर आणि विल्सन यांनी बेलकोर प्रयोगशाळेतल्या खऱ्या जाळ्याची मोजणी करून दाखवलं होतं की संगणकांची वाहतूक टेलिफोनसारखी गुळगुळीत नसते. सेकंदाच्या मापात पाहा, मिनिटाच्या मापात पाहा, तासाच्या मापात पाहा, उसळ्या तशाच राहतात.

दुसरी रांग सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाशी. तारेतून आलेलं पॅकेट कार्ड उचलतं आणि स्मृतीतल्या एका गोल फिरणाऱ्या खणांच्या साखळीत ठेवतं. तिला 'रिंग' म्हणतात. अनेक कार्डांत मुळात २५६ खण असतात. एक गिगाबिटच्या तारेवर पूर्ण आकाराची पॅकेटं दर बारा मायक्रोसेकंदांना एक अशी येऊ शकतात. म्हणजे २५६ खण तीन मिलिसेकंदांत भरतात. पॅकेटं अगदी लहान असतील तर सेकंदाला १४ लाख ८८ हजार येऊ शकतात आणि तेच खण एका मिलिसेकंदाच्या पाचव्या भागात भरतात. तेवढ्यात प्रोसेसरने येऊन खण रिकामे केले नाहीत, तर पुढचं पॅकेट कार्डाच्या दारातच टाकलं जातं. लिनक्सवर 'ईथटूल' या साधनाने कार्डाचे स्वतःचे हिशेब वाचता येतात, आणि तिथे हे टाकलेलं पॅकेट मुकाट्याने नोंदलेलं असतं.

प्रोसेसर का येत नाही? तो तर वीस टक्केच वापरात आहे. इथे सर्व्हर विकणाऱ्याच्या खऱ्या बोलण्यातली मेख आहे. आजच्या प्रोसेसरात आठ, सोळा, बत्तीस कोअर असतात. कार्डाने दिलेली हाक सगळ्यांना ऐकू जात नाही; ती एका ठराविक कोअरकडे जाते. आठांपैकी एक कोअर शंभर टक्के घामाघूम आणि सात बसून असतील, तर सरासरी येते साडेबारा टक्के. सरकारी कचेरीत आठ खिडक्या, एकच उघडी, आणि अहवालात 'कर्मचाऱ्यांवर ताण नाही'. वाचकांना हे दृश्य अपरिचित नसावं. उपाय म्हणजे कार्डाच्या रांगा वाढवून त्या वेगवेगळ्या कोअरांना वाटून देणं. यातही एक मर्यादा आहे. एका जोडणीची सगळी पॅकेटं क्रमाने राहावीत म्हणून ती एकाच कोअरकडे जातात, त्यामुळे एकच अजस्र प्रवाह असेल तर वाटणीचा उपयोग होत नाही.

त्या कोअरचंही एक वेळापत्रक आहे. लिनक्सचा गाभा एका फेरीत मुळात ३०० पॅकेटं उचलतो, मग बाकीच्या कामांना संधी देतो. काम उरलेलं असतानाच फेरी संपवावी लागली, तर तशी नोंद होते. 'सॉफ्टनेट-स्टॅट' नावाच्या फाइलीत प्रत्येक कोअरची एक ओळ असते. दुसरा स्तंभ टाकून दिलेल्यांचा, तिसरा काम उरलं असताना थांबावं लागल्याचा. आकडे सोळाच्या पायातले आणि स्तंभांना शीर्षकं नाहीत. हे ज्याने लिहिलं त्याला वाचणाऱ्याविषयी फारशी माया नसावी.

पुढे फायरवॉल. चालू असलेल्या प्रत्येक संभाषणाची ती एका तक्त्यात नोंद ठेवते. तक्ता भरला की नव्या संभाषणाचं पॅकेट टाकून दिलं जातं, जुनी चालू राहतात. म्हणून आधीच आत असलेल्या डॉक्टरला काही जाणवत नाही आणि शेजारच्या खोलीतल्याला दार बंद. सर्व प्रकारांत हा सर्वांत प्रामाणिक, कारण गाभा नोंदवहीत साफ लिहितो की तक्ता भरला, पॅकेट टाकतो आहे. नोंदवही उघडली की पाच मिनिटांत निकाल लागतो. ती उघडली मात्र जात नाही.

शेवटची रांग सगळ्यांत आत, प्रत्यक्ष सॉफ्टवेअरच्या उंबरठ्यावर. नव्या जोडण्या तिथे स्वीकारण्याची वाट बघत उभ्या असतात. लिनक्समध्ये या रांगेची मर्यादा कित्येक वर्षं १२८ होती; २०१९ च्या ५.४ या आवृत्तीत ती ४,०९६ झाली. सॉफ्टवेअर डेटाबेसमध्ये अडकलं असेल, तर रांग भरते आणि बाहेर उभ्या असलेल्याला उत्तरच मिळत नाही. मग त्याचा संगणक एक सेकंद थांबून पुन्हा विचारतो, मग दोन सेकंद थांबून, मग चार. म्हणून वापरणारा जर म्हणाला, 'कधी लगेच उघडतं, कधी बरोबर एक सेकंदाने, कधी तीन सेकंदांनी', तर हे आकडे डायरीत लिहून ठेवावेत. एक, तीन, सात ही त्या रांगेची सही आहे. चालू जोडणीत शेवटचं पॅकेट हरवलं तर लिनक्स निदान दोनशे मिलिसेकंद थांबतो. तीही एक सही. टीसीपी न वापरणाऱ्या, म्हणजे पोच न मागणाऱ्या वाहतुकीची स्थिती आणखी नाजूक. तिच्या सॉकेटचा बफर मुळात २,१२,९९२ बाइटांचा असतो, तो भरला की गेलेलं कायमचं गेलं.

या सगळ्या जागी गणक बसवलेले आहेत, आणि ते वाचण्याची एक पद्धत आहे. आकडा एकदा वाचून काही कळत नाही. 'चार लाख पॅकेटं टाकली' हे वाक्य भयंकर वाटतं, पण सर्व्हर दीड वर्ष चालू असेल तर ती चार लाख कधीची? अकराला वाचायचा, अकरा वाजून एक मिनिटाने पुन्हा वाचायचा, वजाबाकी करायची. शिवाय 'टाकलेली' या सदरात काही पॅकेटं न्याय्य रीतीने टाकलेलीही असतात : जी भाषा हा सर्व्हर बोलतच नाही अशा भाषेतली, किंवा ज्या विभागाशी त्याचा संबंधच नाही अशा विभागाची. त्यांच्यासाठी हळहळायचं कारण नाही. 'टीसीपीडम्प'ने पॅकेटं पकडून पाहतानाही ते कुठे उभं आहे याचं भान हवं. येणारं पॅकेट ते रिंगच्या नंतर आणि फायरवॉलच्या आधी बघतं. तिथे दिसलं आणि सॉफ्टवेअरला मिळालं नाही, तर चोर घरात आहे. तिथेच दिसलं नाही, तर रिंग, स्विच किंवा तार.

रांग सापडली की ती लांब करण्याचा मोह होतो. २५६ खणांचे ४,०९६ करता येतात. पण त्याआधी विचारायचं, की येणाऱ्यांची सरासरी जास्त आहे का नुसत्या उसळ्या आहेत? कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या एर्लांग यांनी १९०९ पासून या गणिताला सुरुवात केली. त्या परंपरेतलं सर्वांत साधं प्रतिमान सांगतं की काम करणारा निम्मा वेळ गुंतलेला असेल तर त्याच्यापाशी सरासरी एक जण असतो, ऐंशी टक्के गुंतला तर चार, नव्वद टक्क्यांना नऊ, पंच्याण्णवला एकोणीस, नव्व्याण्णवला नव्व्याण्णव. ओपीडीत बसलेल्या प्रत्येकाने हे सूत्र न शिकता अनुभवलेलं असतं : साडेदहापर्यंत सगळं ठीक, आणि मग अचानक बाकं कमी पडतात. उसळी असेल तर लांब रांग तिला सामावून घेते. सरासरीच जास्त असेल तर कोणतीही रांग पुरत नाही, ती फक्त उशीर साठवते.

साठवलेला उशीर नुकसानापेक्षा वाईट ठरू शकतो. स्मृती स्वस्त झाल्यावर यंत्रं बनवणाऱ्यांनी राउटरांत प्रचंड बफर घातले. पॅकेटं टाकली जाईनात, म्हणून पाठवणाऱ्यांना गर्दीचा निरोपच मिळेना, म्हणून ते वेग कमी करेनात, आणि प्रत्येक पॅकेट सेकंदभर रांगेत कुजत पडू लागलं. साधारण २०१० च्या सुमारास जिम गेटिस यांनी या रोगाकडे लक्ष वेधलं. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि तेच व्हॅन जेकबसन यांनी उपाय सुचवला : रांगेची लांबी मोजू नका, पॅकेट किती वेळ रांगेत होतं ते मोजा, आणि फार वेळ झाला तर टाकून द्या. १९८८ साली पॅकेट हरवणं म्हणजे निरोप असं सांगणाऱ्या माणसाला चोवीस वर्षांनी जाळ्याला पुन्हा टाकायला शिकवावं लागलं.

एवढा खटाटोप कशासाठी, असं वाटेल. मेंदूचा झटका आलेल्या माणसाच्या दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज २००६ साली जेफ्री सेव्हर यांनी मांडला होता. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायची मुदत साधारण साडेचार तास. गडचिरोलीकडून निघालेल्या रुग्णाचा त्यातला मोठा भाग रस्त्यातच गेलेला असतो. तरी मी असं म्हणणार नाही की प्रतिमा वीस सेकंद उशिरा आली म्हणून माणूस दगावतो. खरा धोका वेगळा आणि हळू आहे. यंत्रणा रोज अकराला अडखळते, म्हणून डॉक्टर तिच्यावर विसंबणं सोडतात. तंत्रज्ञ सीटीच्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. तो लगेच पोचतो, सगळे खूश. पण मूळ प्रतिमेत करड्या रंगाच्या ४,०९६ छटा असतात, फोटोत २५६. वर पडद्याची चकाकी आणि व्हॉट्सअ‍ॅपने केलेली काटछाट. मूळ प्रतिमेत उजेड-काळोख फिरवून हवा तो भाग उठून दिसेल असं करता येतं, फोटोत नाही. पॅकेट हरवलं तर टीसीपी ते पुन्हा आणतं. या छटा मात्र कोणीही पुन्हा आणत नाही, आणि त्या गेल्याची नोंद कुठल्याही गणकात होत नाही.

आपल्या कल्पित रुग्णालयाचं पुढे काय? सकाळी अकरा वाजता सर्व्हरपाशी एक माणूस उभा राहिला. त्याने कार्डाचे हिशेब मिनिटामिनिटाने लिहून घेतले, रिंगचा आकडा चढताना पाहिला, आठांपैकी एकच कोअर राबताना पाहिला. मग हेही दिसलं की अकराला ओपीडी भरते त्याच वेळी आदल्या दिवशीच्या प्रतिमा दुसऱ्या सर्व्हरवर उतरवण्याचं काम सुरू होतं. कोणीतरी कधीतरी ठरवलेली वेळ. रिंग वाढवली, रांगा चार कोअरांवर वाटल्या, प्रती उतरवण्याचं काम पहाटे दोनला नेलं. तिन्ही बदल एकाच दिवशी नाही, दर दिवशी एक. नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही. नवी लाइन घेतली नाही, नवा सर्व्हर घेतला नाही. चौथ्या दिवशी अकराला तोच माणूस वही घेऊन पुन्हा सर्व्हरपाशी गेला आणि एक मिनिटाच्या अंतराने दोन आकडे लिहून त्यांची वजाबाकी केली.